‘कुठं?’ असं विचारू नये

घराबाहेर पडणाऱ्याला ‘कुठं?’ असं विचारायचं नाही, ही आमच्या घरातली जुनी शिस्त. मी सात-आठ वर्षांची असेन. बाबा चपला घालत होते आणि मी सरळ विचारलं, ‘‘बाबा, कुठं चाललात?’’ आजीनं त्यांना दारातून परत बोलावलं, पाटावर बसवलं, हातावर गुळाचा खडा ठेवला, पाणी दिलं आणि मगच जाऊ दिलं. नंतर मला जवळ घेऊन म्हणाली, ‘‘असं विचारू नये बाळ. ‘लांब का?’ म्हणावं.’’

‘कुठं’ म्हटलं की काम होत नाही, असा त्यामागचा समज. तो समज बाजूला ठेवला, तरी त्या दोन प्रश्नांमधलं अंतर मला पन्नाशी ओलांडल्यावर उमगलं. ‘लांब का?’ याला ‘जरा गावात जाऊन येतो’ एवढं उत्तर पुरतं. किती सांगायचं, हे सांगणाऱ्याच्या हातात राहतं. विचारणाऱ्याची काळजीही पोचते आणि जाणाऱ्याची वाट मोकळी राहते.

हे सगळं आठवलं ते गेल्या वर्षी, साताऱ्याच्या घरी, एका संकष्टीच्या दुपारी. आई शहात्तर वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून एकटीच राहते, मी पुण्याहून महिन्यातून दोनदा जाते. फोन फार हळू चालतो, जरा बघून दे, म्हणून तिनं तो माझ्या हातात दिला आणि स्वतः साबुदाण्याच्या खिचडीकडं वळली. नको ते काढून टाकावं म्हणून मी क्रोममध्ये, म्हणजे वेबसाइट उघडायच्या तिच्या ब्राउझरमध्ये, शिरले. वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, मग ‘स्थान’. तिथं एक यादी उघडली. ज्या ज्या वेबसाइटला आईनं ‘तू कुठं आहेस?’ या प्रश्नाचं उत्तर मिळवायची परवानगी दिली होती, त्यांची ती यादी होती.

सतरा नावं होती. दोन पंचांगाची, एक हवामानाची, गॅस सिलिंडरची एक. एक वर्तमानपत्र होतं. एक साड्यांचं दुकान, एक गुडघ्याला लावायचं तेल विकणारं, एक पाककृतींचं. आणि उरलेली अशी, की नाव वाचून ती कशाची आहेत हेही कळू नये.

‘‘आई, या सगळ्यांना तू कुठं आहेस ते कळतं.’’

‘‘मी कुठं असणार? घरीच.’’

तिनं ते अगदी सहज म्हटलं, पण माझ्या पोटात गलबललं. एक वयस्कर बाई दिवसभर एकाच जागी असते, रोज सकाळी साधारण त्याच वेळेला थोडं लांब जाते आणि तासाभरात परत येते. ही माहिती तिला क्षुल्लक वाटते, कारण ती तिचं साधं आयुष्य आहे. पण अनोळखी माणूस दारात येऊन ‘काकू, तुम्ही दिवसभर घरीच असता ना?’ असं विचारू लागला, तर तीच आई कडी लावून घेईल.

मी विचारलं, की एवढ्या सगळ्यांना होय का म्हटलंस? ती म्हणाली, ‘‘चंद्रोदय बघायचा असतो ना गं. ते वर येतं. होय म्हटल्याशिवाय पुढं जाता येत नाही.’’

पुढं जाता येतं. ‘ब्लॉक करा’ म्हटलं तरी पान उघडतं आणि वर गाव निवडायची जागा असते. पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. समोर दोन बटणं आली, की त्यातलं एक वाट अडवणारं आणि एक वाट देणारं असंच तिला दिसतं. उपाशीपोटी, चष्मा शोधत, चंद्र किती वाजता उगवणार एवढंच जिला हवंय, ती कोणतं दाबेल? तिची चूक मला काडीचीही दिसत नाही. दारात उभं राहून, घाईच्या वेळी, अर्धवट सांगून होकार घेणं हे विचारणाऱ्याचं वागणं आहे.

खरं तर चंद्रोदयाला किती पत्ता लागतो? मी खिचडी खाता खाता आईला हिशेब करून दाखवला. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. मुंबई आणि नागपूर यांच्यात रेखांशाचा फरक सहा अंशांच्या थोडा वर, म्हणून नागपूरकरांना सूर्य पंचवीसेक मिनिटं आधी दिसतो. आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम सव्वीस-सत्तावीस किलोमीटर सरकलं, तर कुठं एका मिनिटाचा फरक पडतो. चंद्रोदयाचंही साधारण तसंच. म्हणजे ‘सातारा’ एवढा शब्द पंचांगाला पुरून उरतो. दिनदर्शिकेत गावागावांच्या चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात, त्याही गावाच्याच असतात. पेठेच्या, गल्लीच्या, घराच्या नसतात.

आणि ‘अनुमती द्या’ दाबलं की ब्राउझर त्या पानाला काय देतो? अक्षांश, रेखांश आणि ते किती मीटरपर्यंत बरोबर आहेत तो आकडा. दशांश चिन्हापुढं दोन अंक असतील, तर अक्षांशात साधारण एक किलोमीटरचा पल्ला. चार अंक असतील, तर अकरा मीटर. अकरा मीटर म्हणजे आमचं अंगण आणि शेजारचा हौद. ज्याला गाव हवं होतं, त्याच्या हातात आपण तुळशीवृंदावन दिलं.

बाबा भूमी अभिलेख खात्यात होते, मोजणीचं काम करायचे. जागा सांगायची त्यांची भाषा खरेदीखताची. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस गावठाण. चतुःसीमा. त्यात जागा एकटी नसायची, शेजाऱ्यांच्या आधारानं उभी असायची. पत्ता विचारला तरी आम्ही अजून तसंच सांगतो, ‘मारुतीच्या देवळामागं, चक्कीच्या अलीकडं’. ज्याला देऊळ आणि चक्की माहीत आहे, त्यालाच त्या पत्त्याचा उपयोग. दशांशातल्या आकड्यांना ओळखपाळख लागत नाही. जगात कुठंही बसलेल्याला ते सारखेच कळतात. आपत्तीत हा त्यांचा मोठा गुण आहे, आणि एरवी काळजीचं कारणही तेच.

आईला वाटत होतं, की वर फिरणारे उपग्रह आपल्याला बघतात आणि या वेबसाइटला सांगतात. पुष्कळांना असंच वाटतं. पण उपग्रहाला आपला पत्ता नसतो. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवरून फक्त आपली जागा आणि वेळ प्रसारित करत राहतात. फोन ते ऐकतो, कोणता संदेश यायला किती वेळ लागला यावरून अंतरं काढतो, आणि स्वतःची जागा स्वतःच ठरवतो. घरात, स्लॅबखाली ते ऐकू येत नाही, तेव्हा आसपासच्या वायफायची आणि मोबाइल टॉवरची ओळख पटवून ठिकाण काढलं जातं. शेजारच्या घरातलं वायफाय आपण वापरत नसलो, तरी ते आपला पत्ता सांगायला मदत करतं. एवढं झालं तरी वेबसाइटला यातलं काही कळलेलं नसतं. ते फोनला माहीत असतं, फोन ते ब्राउझरला सांगतो आणि ब्राउझर वेबसाइटला. चुगली झालीच, तर ती घरातून होते.

हे मी आईला वाड्यावरून सांगितलं, कारण ती वाड्यात वाढलेली. दिंडी दरवाजातून आत आलेला माणूस ओसरीवर बसतो. प्रत्येकजण माजघरात येत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये ब्राउझरला ठिकाण कळू द्यायचं की नाही, हा पहिला दरवाजा. त्या ब्राउझरनं कोणत्या वेबसाइटला ते सांगायचं, हा दुसरा. पहिलाच बंद असेल, तर दुसऱ्यावर कितीही जणांनी होकार मिळवलेला असो, उपयोग नाही. आणि पहिल्या दरवाजावर एक फार चांगली सोय आहे, जी मला स्वतःलाही उशिरा सापडली. अँड्रॉइडच्या २०२१ मधल्या बाराव्या आवृत्तीपासून ‘अचूक’ आणि ‘अंदाजे’ असे दोन पर्याय आले. ब्राउझरला ‘अंदाजे’ ठिकाण दिलं, की तो पुढं कुणालाही साधारण तीन चौरस किलोमीटरच्या पट्ट्यापेक्षा जास्त नेमकं सांगूच शकत नाही. आयफोनवर २०२० पासून हेच काम ‘प्रिसाइज लोकेशन’चं बटण करतं. धाकट्या भावाच्या फोनमध्ये ते लोकेशन सर्व्हिसेसमधल्या ‘सफारी वेबसाइट्स’ या नोंदीत सापडलं.

‘लांब का?’ म्हणजे हेच की. आजीचा प्रश्न त्या बटणात बसलेला पाहून मला खरंच बरं वाटलं. ज्या कुणा अभियंत्यांनी उत्तराला अशी पायरी असावी असा विचार केला, त्यांनी माणसाच्या मनाचा विचार केला.

आईच्या फोनमध्ये मी सेटिंग्ज, ॲप्स, क्रोम, परवानग्या, स्थान या वाटेनं गेले. ‘ॲप वापरात असताना’ एवढंच ठेवलं आणि ‘अचूक स्थान वापरा’ बंद केलं. मग सतरा नावांच्या यादीवर आम्ही दोघी बसलो. एकेक नाव मी वाचायची, ती ‘हे कशाचं?’ विचारायची, आणि तिला आठवलं नाही की मी ते काढायची. तांदूळ निवडल्यासारखं काम. साड्यांच्या दुकानापाशी ती थांबली. ‘‘साडी तर बघितली होती फक्त. त्यांना मी कुठं राहते ते कशाला?’’ दुकानात साडी बघताना मालक पत्ता विचारत नाही. विकत घेतली आणि घरपोच हवी असली तर विचारतो. हा साधा व्यवहार तिला कुणी शिकवावा लागत नाही. फक्त पडद्यावरचं ते बटण म्हणजे दुकानदाराचा प्रश्न आहे, हे कळायला हवं होतं.

पण सगळ्यांना ‘ब्लॉक’ करून मोकळं व्हावं, असंही मला वाटत नाही, आणि त्याला कारण आहे.

बाबांच्या शेवटच्या वर्षी मी दीड महिना साताऱ्यात होते. एका रात्री दीडच्या सुमाराला त्यांना लागणारं एक औषध संपल्याचं लक्षात आलं. नेहमीचं दुकान बंद. मी फोनवर रात्री उघडी असणारी औषधाची दुकानं शोधली, तर समोर मुंबईतली दुकानं आली. पुन्हा शोधलं, पुन्हा मुंबई. हात थरथरत होते. काय झालं होतं ते मला नंतर समजलं. त्या शोधाच्या साइटला मी कधीतरी, कुठल्याशा रागात, ‘ब्लॉक करा’ म्हणून टाकलं होतं. ब्राउझर तो नकार विसरला नव्हता. त्यामुळं त्यानं पुन्हा विचारलंही नाही. आणि ठिकाण मिळालं नाही की वेबसाइट इंटरनेट जोडणीच्या आयपी पत्त्यावरून अंदाज बांधते. तो पत्ता कंपनीच्या जाळ्याचा असतो, तो ज्या शहरातून बाहेर पडतो ते शहर दिसतं. साताऱ्यातल्या माणसाला मुंबईकर ठरवायला एवढं पुरतं. शेवटी शेजारचे काका उठले, त्यांनी स्कूटर काढली आणि अर्ध्या तासात औषध आणून दिलं. त्यांना सातारा पाठ आहे.

दुरुस्ती खरं तर दहा सेकंदांची होती. पत्त्याच्या पट्टीत डावीकडं जे चिन्ह असतं, पूर्वी तिथं कुलूप असायचं, ते दाबायचं, परवानग्या उघडायच्या आणि ‘स्थान’ पुन्हा चालू करायचं. पण रात्री दीडला, आतून कण्हण्याचा आवाज येत असताना, हे कुणाला सुचणार? तेव्हापासून मी माझ्या फोनमध्ये कायमचा नकारही देत नाही आणि कायमचा होकारही. ‘विचारा’ हे ठेवते. ‘या वेळेपुरती’ असा पर्याय दिसला, तर तो दाबते. पुन्हा पुन्हा विचारलं जाण्याचा त्रास मी आनंदानं सोसते, कारण दर वेळी परिस्थिती वेगळी असते. औषध शोधणारी मी आणि पडदे शोधणारी मी, या दोघींचं उत्तर एक कसं असेल?

आईनं इतक्यात एक फार मोलाचा प्रश्न विचारला. ‘‘आता काढलंस, म्हणजे त्यांच्याकडचं पुसलं का?’’

नाही. हे तिला सांगताना मला वाईट वाटलं. परवानगी काढली की यापुढचं बंद होतं. आधी सांगितलेलं त्यांच्याकडं असेल तर असेल. दिलासा एवढाच, की वेबसाइटचं पान समोर उघडं असतानाच तिला ठिकाण मिळू शकतं. पान बंद केलं की ते थांबतं. नेहमीच्या ॲपला ‘कायम’ परवानगी देता येते, तशी वेबसाइटला नसते. मात्र पान उघडं आहे तोवर एकदाच विचारून गप्प बसणं आणि सतत माग ठेवणं, या दोन्हींसाठी आपला होकार एकच असतो. आणि ज्यांना ब्राउझरची ‘इन्कॉग्निटो’ (नोंद न ठेवणारी) खिडकी म्हणजे अदृश्य होणं वाटतं, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की तिथंही होय म्हटलं तर ठिकाण जातंच. फक्त तो होकार पुढच्या वेळेसाठी जपून ठेवला जात नाही.

थोड्याशा नोंदींनी काय होतं, असं कुणी म्हणेल. मीही म्हणायचे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी एका युरोपीय देशातल्या पंधरा लाख माणसांच्या मोबाइलच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. नावं नव्हती, नंबर नव्हते. ठिकाण टॉवरच्या टापूइतकं ढोबळ, वेळ तासाच्या हिशेबात. तरीही ‘या वेळी इथं’ अशा केवळ चार नोंदींवरून ९५ टक्के माणसं बाकीच्या सगळ्यांतून वेगळी काढता येत होती. चार नोंदी. आईचं घर, मंदिर, बाजार आणि मंगळवारची भजनाची बैठक. झाली तिची ओळख, नाव न घेता.

आपल्याकडं २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा म्हणतो, की संमती मोकळ्या मनानं, नेमक्या कामापुरती, समजून दिलेली असावी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागं घेणंही सोपं असावं. इतक्या आत लपलेल्या यादीकडं बघताना मला त्या शेवटच्या वाक्याची आठवण येते. द्यायला एक बोट. घ्यायला एक अख्खी दुपार आणि एक लेक लागली.

इथवर मी आईची बाजू घेऊन बोलत होते. मग तिनं फोन बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘‘आणि तुला? तुला दिसतं का मी कुठं असते ते?’’

दिसत होतं. त्याच्या आदल्या दिवाळीत मी तिच्या फोनवरून माझ्या फोनला तिचं ठिकाण कायमचं दाखवायची सोय करून ठेवली होती. ‘काळजी वाटते गं’ म्हणाले होते, ती ‘बरं’ म्हणाली होती. नेमकं काय चालू केलं, किती दिवस चालणार, मी केव्हा केव्हा बघणार, यातलं काहीही मी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं.

मी ‘हो’ म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘म्हणजे जूनमध्ये मी तपासणीला गेले होते, आणि तू दवाखान्यातच फोन केलास, ‘आई, बरं आहे ना?’ म्हणून... ते त्यामुळं होय?’’

हो, त्यामुळंच. कामातून सहज नकाशा उघडला आणि ठिपका दवाखान्यावर दिसला, म्हणून फोन केला होता.

‘‘मला वाटलं, तुला आतून जाणवलं. मी भजनात सगळ्यांना सांगितलं, की माझ्या लेकीला कळतं.’’

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. तपासणीचं तिला मला सांगायचं नव्हतं, निदान निकाल येईपर्यंत. तेवढं स्वतःपाशी ठेवायचा तिचा हक्क मी, तिला न कळू देता, काढून घेतला होता. साडीच्या दुकानदारानं निदान पडद्यावर येऊन विचारलं तरी होतं.

८ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी एक निकाल दिला. जामिनावर सुटलेल्या आरोपीनं गुगल मॅप्सवर आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसत ठेवावं, अशी अट होती. न्यायालयानं ती रद्द केली. आरोपीच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट जामिनाला घालता येणार नाही, कारण ते संविधानाच्या एकविसाव्या कलमातल्या खासगीपणाच्या हक्काच्या आड येतं. त्या हक्कावर २०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठानं एकमतानं शिक्कामोर्तब केलेलं आहे. हा निकाल मी वाचला होता, पटलाही होता. आणि खटल्यातल्या आरोपीला जे मिळालं, ते मी माझ्या आईला दिलं नव्हतं.

मी तिच्यासमोरच ते बंद केलं. बंद करायला माझा हात जड झाला, हेही खरं. बाबा गेल्यापासून तो ठिपका मी झोपण्याआधी बघत होते. तो घरावर दिसला की दिवा घालवायचे.

संध्याकाळी आईनं जुनी वही काढली, जिच्यात तिच्या भजनांच्या चाली आणि लोणच्यांची प्रमाणं आहेत. म्हणाली, ‘‘सांग, मी लिहून घेते.’’ आणि तिनं आपल्या शब्दांत लिहिलं: ‘तीन ठिपके. सेटिंग. साइट. स्थान. अनोळखी नाव दिसलं की काढणे. महिन्यातून एकदा, संकष्टीला.’ खाली रेघ मारून: ‘पंचांगाला सातारा एवढंच सांगणे.’ मग अजून एक पान उलटून तिनं मला लाइव्ह लोकेशन कसं चालू करायचं आणि कसं थांबवायचं, ते विचारलं. तासाभरासाठी देता येतं का, तेही विचारलं. देता येतं म्हटल्यावर तेही लिहिलं. चंद्र उगवला तेव्हा आम्ही दोघी गच्चीवर होतो. पूर्वेला ढग होते, त्यामुळं वेळ झाल्यावरही दहा मिनिटं वाट बघावी लागली.

पुढच्या महिन्यात ती एसटीनं पुण्याला आली. साताऱ्याच्या स्टँडवरून गाडी सुटायच्या आधी माझ्या फोनवर एक निरोप आला, तिचं ठिकाण पाहण्याचा. तिनं स्वतः पाठवलेला. मी कामाच्या मध्ये मध्ये बघत होते. पाचवड, भुईंज, सुरूर. खंबाटकीच्या बोगद्यापाशी ठिपका जागच्या जागी थबकला, बोगद्यात उपग्रह ऐकू येत नाहीत, आणि मग एकदम पुढं जाऊन उगवला. शिरवळ. खेड शिवापूर. कात्रज. स्वारगेटला पोचून तो दोन मिनिटं स्थिर होता, आणि मग नकाशावरून गेला.

मी घाबरले नाही असं म्हणणार नाही. पाच-सात मिनिटं मी फोनकडं बघत उभी राहिले. मग तिचाच फोन आला.

‘‘उतरले गं. बंद केलंय. रिक्षा करून येते, वाटेत जरा एक काम आहे.’’

‘‘लांब का?’’ मी विचारलं.

‘‘नाही, जवळच,’’ म्हणाली आणि फोन ठेवला.